घरचे सिरप: कॉफी, चहा आणि सरबतांसाठी पाक, माप आणि मेळ

दुधाच्या कॉफीत जायफळ किसून घालण्याची पद्धत अनेक मराठी घरांत जुनी आहे, आणि ती पाळणाऱ्या प्रत्येकाला तिची अडचणही माहीत असते. जायफळाचा कीस कॉफीत विरघळत नाही. पहिल्या घोटात तो वर तरंगतो, शेवटच्या घोटात तळाशी बसलेला सापडतो आणि मधली कॉफी नुसतीच गोड लागते. तेच जायफळ साखरेच्या पाकात मुरवून गाळून घेतले, तर पहिल्यापासून शेवटच्या घोटापर्यंत वास सारखा येतो आणि किती घातले हे मिलिलिटरमध्ये सांगता येते. सिरपचे घरातले काम एवढेच आहे: साखर आणि सुगंध दोन्ही आधीच विरघळवून ठेवायचे, म्हणजे पेय वाफाळते असो की बर्फाचे, ते चमच्याच्या दोन फेऱ्यांत मिसळते.

बाजारातल्या लांब मानेच्या बाटल्यांमुळे सिरप ही कॅफेतली, परदेशी गोष्ट वाटते. फ्रान्समधली मोनिन ही सिरपची कंपनी १९१२ साली आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या इटालियन वस्तीतली तोरानी १९२५ साली सुरू झाली. तोरानीची सिरपे सुरुवातीला सोड्यात घालण्यासाठी होती. कॉफीशी त्यांची सांगड पुष्कळ नंतर बसली. आपल्याकडे अमृत कोकम, वाळ्याचे आणि गुलाबाचे सरबत याच जातीचे आहे, आणि ज्या घरात गुलाबजाम किंवा बुंदीचे लाडू होतात तिथे पाक करणारे हात असतातच. त्या हातांना फक्त माप आणि थोडी पथ्ये माहीत करून घ्यायची आहेत.

पाक कोणता आणि कसा

सिरपसाठी दोन पाक पुरतात. पातळ पाकात साखर आणि पाणी समसमान असते, म्हणजे २०० ग्रॅम साखरेला २०० ग्रॅम पाणी. घट्ट पाकात साखर दुप्पट असते, म्हणजे ४०० ग्रॅम साखरेला २०० ग्रॅम पाणी. दोन्ही वेळा मोजमाप वजनकाट्यावर करावे, कारण वाटीने मोजलेली साखर दाण्याच्या आकारानुसार कमीजास्त भरते आणि मग दोन बाटल्यांची गोडी एकसारखी येत नाही. पातळ पाकाच्या १० मिलीमध्ये साधारण ६ ग्रॅम साखर असते आणि घट्ट पाकाच्या १० मिलीमध्ये साधारण ९ ग्रॅम. चहाचा एक चमचा साखर ४ ते ५ ग्रॅम भरते हे लक्षात ठेवले, की आपल्या नेहमीच्या सवयीचा हिशोब या पाकात करता येतो.

कॉफीसाठी मी पातळ पाक करते, कारण त्यात मसाल्याचा अर्क चांगला उतरतो. सोडा, सरबत आणि आटवलेल्या दुधासाठी घट्ट पाक बरा, कारण पेयात जादा पाणी न जाता गोडी येते आणि तो टिकतोही जास्त. घट्ट पाकाची एक खोड मात्र सांगितली पाहिजे: खोलीच्या तापमानाला पाण्यात जेवढी साखर मावते त्याच्या अगदी काठावर तो असतो, त्यामुळे फ्रिजमध्ये तळाशी खडे धरू शकतो. यासाठी उकळताना अर्धा चमचा लिंबाचा रस घालावा. आम्लामुळे साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या साध्या साखरांत मोडतो आणि स्फटिक जमायला अडथळा होतो. मिठाईवाले पाकात लिंबू पिळतात ते याच कारणाने. इतक्या थोड्या रसाने दूध नासत नाही.

कृती सोपी आहे, पण क्रम मोडू नये. जाड बुडाच्या पातेल्यात साखर आणि पाणी एकत्र घालून साखर पूर्ण विरघळेपर्यंत मंद आचेवर ढवळावे. एकदा उकळी आली की ढवळणे थांबवावे आणि कडेला उडालेले साखरेचे दाणे ओल्या फडक्याने पुसून घ्यावेत, कारण तेच दाणे पुढे बाटलीत खडे धरण्याचे निमित्त होतात. साखर गढूळ निघाली तर उकळत्या पाकात चमचाभर दूध घालावे, म्हणजे मळी वर येते आणि झाऱ्याने काढून टाकता येते. उकळी तीन-चार मिनिटे पुरे. पाक दोन बोटांत धरून पाहिल्यावर चिकट लागावा, पण तार सुटू नये. एकतारी झाला म्हणजे पाणी जास्त आटले, आणि असा पाक थंड पेयात तळाशी गोळा होऊन बसतो. चुकून तसे झालेच, तर दोन-तीन चमचे गरम पाणी घालून पुन्हा एक उकळी काढावी.

सुगंध कधी घालायचा

इथे सर्वांत जास्त चुका होतात, आणि बहुतेक चुकांच्या मुळाशी सगळे मसाले एकाच वेळी उकळत टाकण्याची घाई असते. साल, मुळे आणि लाकडासारखे कडक मसाले उकळीत अर्क सोडतात. नाजूक वासाच्या वस्तूंचा वास उकळीबरोबर उडून जातो. पुढची सगळी प्रमाणे २०० ग्रॅम साखर आणि २०० ग्रॅम पाण्याच्या पाकासाठी आहेत.

दालचिनीचे बोटाएवढे दोन तुकडे सुरुवातीलाच पाण्यात घालून दहा मिनिटे मंद उकळावेत, उडालेल्या पाण्याची भर घालावी आणि मग साखर मिसळावी. बाजारात दालचिनी म्हणून मिळणारी जाड, कडक साल बहुधा कॅशियाची असते. तिचा वास तिखट आणि जोरकस असल्याने इन्स्टंट कॉफीच्या कडवटपणापुढे तो टिकतो. पातळ पापुद्र्यांची सिलोन दालचिनी गोडसर आणि सौम्य असते, ती काळ्या कॉफीत किंवा थंड दुधात शोभते.

वेलदोड्याचे दहा-बारा दाणे सालासकट ठेचून साखर विरघळल्यावर घालावेत, पाच मिनिटे उकळावेत आणि गॅस बंद करून झाकण ठेवावे. अर्ध्या तासाने गाळावे. रात्रभर ठेवण्याचा मोह टाळावा, कारण सालाचा कडसरपणा पाकात उतरतो.

जायफळ गॅस बंद केल्यावरच घालायचे. पाव जायफळ बारीक किसणीवर किसून गरम पाकात मिसळावे, झाकण ठेवून पंधरा मिनिटे मुरू द्यावे आणि मलमलच्या कापडातून गाळावे. साध्या गाळणीतून कीस निसटतो. हे प्रमाण अख्ख्या बाटलीसाठी आहे आणि ते वाढवू नये. जायफळ थोडे असेल तोवर सुगंधी असते, पण एका वेळी चमचाभर पूड पोटात गेली तर चक्कर, छातीत धडधड आणि भ्रम होण्याइतका त्रास होऊ शकतो.

व्हॅनिलाची शेंग मिळाली तर उभी चिरून, आतला काळा गर सुरीच्या पाठीने खरवडून, गर आणि शेंग दोन्ही गरम पाकात टाकून पाक निवेपर्यंत ठेवावे. शेंग महाग असल्यामुळे इसेन्स वापरण्यात काही कमीपणा नाही. त्यातला व्हॅनिलिन हा घटक १८७४ सालीच प्रयोगशाळेत तयार झाला होता आणि स्वस्त व्हॅनिलाचा वास मुख्यतः तोच असतो. इसेन्स मात्र पाक कोमट झाल्यावर दोन चमचे घालावा, उकळत्या पाकात नको.

आल्याचे ५० ग्रॅम काप पंधरा मिनिटे चांगले उकळावेत. कच्च्या आल्यात दुधातली प्रथिने मोडणारे विकर असते आणि त्याने दूध फाटते. उकळीने ते निकामी होते. चहा करताना आले दुधाच्या आधी पाण्यात उकळून घेण्याची आपली रीत म्हणूनच बरोबर आहे.

कॅरामेल आणि गूळ

कॅरामेलचे सिरप हे जळण्याच्या अलीकडे थांबण्याचे काम आहे. त्यात डोळ्यांना आणि नाकाला जेवढे कळते तेवढे घड्याळाला कळत नाही. २०० ग्रॅम साखर आणि तीन मोठे चमचे पाणी जाड पातेल्यात मध्यम आचेवर ठेवावे आणि साखर विरघळल्यावर ढवळू नये, फक्त पातेले हलकेच फिरवावे. आधी मोठे बुडबुडे येतात, मग ते लहान आणि जड होत जातात, पाक कडेने मधासारखा पिवळा व्हायला लागतो आणि खोलीभर भाजक्या साखरेचा वास सुटतो. पिवळ्यापासून तांबूस रंगापर्यंत जायला मिनिटभर लागते, पण तांबूसपासून काळ्या-कडूपर्यंत जायला काही सेकंद. म्हणून गडद मधाचा रंग दिसताच गॅस बंद करावा. शेजारच्या भांड्यात १८० मिली पाणी उकळते तयार असावे. ते हात लांब ठेवून, कडेने, थोडे थोडे ओतावे. या वेळी पाक रागाने उसळतो आणि वाफेचा लोट येतो. साखर १७० अंशांच्या आसपास असल्याने तिचा एक थेंबही हातावर खोल भाजतो. मुलांना या वेळी स्वयंपाकघरात थांबू देऊ नये. गार पाणी ओतले तर उसळी अधिक आणि साखरेचे दगड तळाशी. थोडे दगड झालेच, तर मंद आचेवर ते विरघळतात. शेवटी चिमूटभर मीठ घालावे. मिठामुळे कडू टोक बोथट होते आणि कॉफीत ही चव भरीव लागते.

गुळाचे सिरप मला साखरेच्या कॅरामेलपेक्षाही कॉफीला जवळचे वाटते, कारण गुळाच्या वासात उसाच्या काहिलीची करपट छटा आधीच असते. २५० ग्रॅम चिरलेला गूळ २०० मिली पाण्यात मंद आचेवर विरघळवून आधी कापडातून गाळावा, कारण चांगल्या गुळातही बारीक रेती आणि चोयट्या निघतात. मगच तीन-चार मिनिटे उकळावा. कोल्हापुरी गूळ, ज्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, यासाठी उत्तम. गुळाचे आम्ल आणि क्षार उकळत्या दुधाला सोसत नाहीत. त्यामुळे हे सिरप आधी कपातल्या डिकॉक्शनमध्ये, म्हणजे कॉफीच्या कडक अर्कात, मिसळावे आणि दूध उकळी उतरल्यानंतर वरून ओतावे. गुळाचा चहा करताना गूळ शेवटी घालण्याचा दंडक याच कारणाने पडला आहे.

बाटलीत भरणे

बाटली काचेची, अरुंद तोंडाची आणि सिरपच्या मानाने लहान असावी. ती आणि तिचे झाकण दहा मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवून उपडी निथळावी आणि गरम असतानाच गरम सिरप गळ्यापर्यंत भरावे, कारण गार काचेत गरम पाक ओतला तर ती तडकते. झाकण लावून बाटली दोन मिनिटे आडवी धरावी, म्हणजे झाकणाची आतली बाजूही तापते. हा तपशील मी अनुभवाने शिकले. वेलदोड्याचे सिरप मी एकदा कोमट असताना मोठ्या बाटलीत निम्मेच भरले आणि लगेच झाकण लावले. वाफेचे थेंब झाकणाखाली जमले, ते खालच्या पाकावर पडून वरचा थर पाणचट झाला आणि तिसऱ्या आठवड्यात तिथेच मोहरीएवढे पांढरे ठिपके दिसले. गोडी जिथे कमी होते तिथेच बुरशीला जागा मिळते. असे ठिपके काढून उरलेले वापरू नये, सगळी बाटली ओतून द्यावी. आंबूस वास, झाकण उघडताना सुटणारा वायू किंवा पाकात तरंगणारे धागे दिसले तरी तेच करावे.

फ्रिजमध्ये पातळ पाकाचे सिरप तीन ते चार आठवडे, घट्ट पाकाचे साधारण दोन महिने आणि गुळाचे किंवा फळाच्या सालीचे दोन आठवडे ठेवावे. बाटलीवर नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी लावावी, आणि तिच्यात ओला किंवा उष्टा चमचा कधीही घालू नये.

कॉफीत किती आणि कसे

कपात आधी सिरप, त्यावर गरम डिकॉक्शन किंवा कॉफी, मग ढवळणे आणि शेवटी दूध, हा क्रम पाळावा. जड सिरप नंतर ओतले तर तळाशी जाते आणि दुधाचा फेस मोडल्याशिवाय ते वर येत नाही. १५० मिलीच्या दुधाच्या कपाला पातळ पाकाचे १० मिली सिरप पहिल्यांदा घालून पाहावे आणि त्या दिवशी वेगळी साखर अजिबात घालू नये. नेहमीची दोन चमचे साखर आणि वर सिरप असे केल्यानेच घरची कॉफी नको तितकी गोड होते आणि दोष सिरपला येतो. काळ्या कॉफीला ५ मिली पुरते. थंड जिभेला गोड कमी जाणवते, त्यामुळे २०० मिली थंड दूध, दोन चमचे इन्स्टंट कॉफी आणि बर्फ अशा कोल्ड कॉफीला १५ ते २० मिली लागते.

कोणता सुगंध कोणत्या कॉफीला, यावर माझी मते ठाम आहेत. चिकोरी मिसळलेल्या फिल्टर कॉफीला स्वतःचाच भाजका गोडसर वास असतो, तिथे गूळ आणि कॅरामेल जुळतात, व्हॅनिला मात्र बुडून जाते. इन्स्टंट कॉफी कडक असते, तिला दालचिनी किंवा जायफळ सावरते. चिकमगळूर किंवा कूर्गच्या चांगल्या अरेबिका बिया ताज्या दळून केलेल्या काळ्या कॉफीत काहीही घालू नये. तिच्यातला फळांसारखा आंबटपणा कोणत्याही सिरपखाली दबतो. गुलाब आणि वाळा कॉफीच्या वाट्याला जाऊ नयेत, तिच्या कडवटपणाशी त्यांचे जमत नाही.

आंबट फळांची सिरपे आणि गरम दूध एकत्र आणू नयेत. दुधातले केसीन हे प्रथिन ४.६ सामूच्या (pH) आसपास गोळा होते आणि उष्णतेने ते काम लवकर होते. कॉफी स्वतःच थोडी आम्ल असल्याने लिंबू, संत्रे किंवा कोकमाचे थोडे सिरपही कपातले दूध फाटायला पुरते. संत्र्याचा वास हवाच असेल, तर पांढरा भाग टाळून फक्त वरची केशरी साल मुरवावी, रस घालू नये आणि ते सिरप काळ्या कॉफीत वापरावे. शंका असेल तेव्हा वाटीत दोन चमचे गरम दूध घेऊन त्यात सिरपचे काही थेंब टाकून मिनिटभर पाहावे. कण दिसले नाहीत, तरच कपात घालावे.

सोडा, सरबत आणि दूध

सोड्याला घट्ट पाकाचे सिरप २५ ते ३० मिली, वर बर्फ आणि मग १८० मिली गार सोडा पेल्याच्या कडेने सावकाश ओतावा. लांब चमच्याने तळापासून एकदाच वर ढवळावे, जास्त ढवळल्याने वायू निघून जातो. आल्याच्या सिरपात लिंबू पिळून चिमूटभर सैंधव घातले, की उन्हातून आलेल्या माणसासाठी याहून चांगले काही नाही.

अमृत कोकम हे विस्तवाशिवाय होणारे सिरप आहे. पिकलेल्या रातांब्यांच्या, म्हणजे कोकमाच्या फळांच्या, बिया काढून सालाच्या वाट्या काचेच्या बरणीत साखरेच्या थरांनी भरतात. वजनाने सालाच्या दुप्पट साखर असते. तोंडाला फडके बांधून बरणी आठवडाभर उन्हात ठेवतात आणि रोज हलवतात. साखर सालातला रस ओढून घेते आणि स्वतः त्यात विरघळते. हेच तंत्र घरी लिंबाच्या सालीला लागू पडते: सालीचे पातळ काप साखरेत चोळून झाकून रात्रभर ठेवावेत, सकाळी सुटलेल्या तेलकट, सुगंधी साखरेत थोडे गरम पाणी घालून गाळावे. कोकमाचे आगळ वेगळे, त्यात साखर नसून मीठ असते आणि ते सोलकढीचे आहे. बाटल्या शेजारी ठेवल्या तर दोन्हींवर नावे असावीत.

वाळ्यासाठी २५ ग्रॅम मुळे चार पाण्यांतून धुऊन माती पूर्ण काढावी, २५० मिली पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी एक उकळी काढून गाळलेल्या पाण्यात ४०० ग्रॅम साखर विरघळवावी. घरच्या वाळ्याचा रंग फिकट तपकिरी येतो. बाजारातला हिरवा रंग वरून घातलेला असतो. गुलाबासाठी देशी, वासाचा आणि फवारणी न झालेला गुलाबच घ्यावा, पुष्पगुच्छांतली फुले खाण्यासाठी पिकवलेली नसतात. ही दोन्ही सिरपे गार दुधात, भिजवलेल्या सब्जाबरोबर सर्वांत छान लागतात.

विकतची बाटली घेताना

लेबलवर आधी साखरेचा आकडा वाचावा आणि तो आपल्या मापावर आणावा. बाटलीच्या पंपातून एका दाबाला किती निघते हे कंपनीगणिक वेगळे असते. म्हणून दहा वेळा दाबून मापाच्या पेल्यात मोजावे आणि दहाने भागावे. घटकांत ३३० हा क्रमांक दिसला तर ते सायट्रिक आम्ल आहे, आणि फळाच्या चवीच्या बाटलीत ते यादीत वर असेल, तर गरम दुधात घालण्याआधी वाटीतली परीक्षा करावी. २११ आणि २०२ हे परिरक्षकांचे क्रमांक आहेत. त्यांच्यामुळे विकतची बाटली महिनोन्‌महिने टिकते आणि घरची टिकत नाही. क्रश म्हणून मिळते त्यात फळाचा गर असतो. तो मिल्कशेकला चांगला, पण कॉफीत त्याचे तंतू दिसतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितल्याप्रमाणे वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या एकूण ऊर्जेचा दहा टक्क्यांहून कमी वाटा यावा, आणि तो पाच टक्क्यांखाली, म्हणजे प्रौढ माणसाला साधारण २५ ग्रॅमपर्यंत, राहिला तर अधिक चांगले. घट्ट पाकाचे ३० मिली घातलेल्या एका सोड्यातच २७ ग्रॅम साखर जाते. गूळ आणि मध याच हिशोबात मोडतात, आणि मधुमेह असलेल्या पाहुण्याला गुळाचे म्हणून सिरप वाढणे योग्य नाही. त्याच्यासाठी दालचिनी किंवा वेलदोडा नुसत्या पाण्यात उकळून त्याचा बिनसाखरेचा अर्क वेगळा काढावा. तो चार दिवसांत संपवावा.

कोजागरीच्या दुधासाठी मी आता पूड वापरत नाही. एक लिटर दूध पाऊण लिटर होईपर्यंत आटवून गॅस बंद करते आणि वेलदोडा-जायफळाचे घट्ट पाकातले सिरप ८० ते ९० मिली मिसळते, कारण पातळ पाक घातला तर आटवलेले दूध पुन्हा सैल होते. केशर मात्र सिरपात घालत नाही. ते चमचाभर कोमट दुधात आधी वीस मिनिटे भिजवते आणि पेले भरल्यावर प्रत्येकात वरून थोडे थोडे सोडते, म्हणजे चांदण्यात ठेवलेल्या दुधावर त्याच्या काड्या आणि रंगाचे ओघळ दिसतात.